माळ्यावरची लोकर

१८ जानेवारी

॥ श्री ॥

चि. मोजपट्टीस अक्काचे पोटभर आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. तुमचंच पाकीट उलटून चिकटवलंय, ते पाहून हसू नकोस. आतली बाजू कोरी होती, ती टाकून देणं माझ्याच्याने झालं नाही.

आमच्याकडे सगळं ठीक, देवाची कृपा आहे. यांचा खोकला गेला, माझी पाठ आहे तिथेच आहे. आता मुद्द्याचं. आईचं कार्ड आलं. गेल्या उन्हाळ्यात तू तिला इथून परत नेलीस, तेव्हापासून ती तुमच्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. तुमच्याकडे तिला काही कमी नाही हे मी जाणते. तुझी बायको रोज तिच्या गुडघ्यांना तेल लावते असं तीच लिहिते, आणि पुढच्याच ओळीत लिहिते की तेल लावून जिना काही लहान होत नाही.

तिला इथे यायचंय. आमचं घर बैठं, मागच्या खोलीचं दार उघडलं की पायाखाली अंगण. तिला तेवढंच हवंय. पण त्या खोलीवर पत्रा आहे आणि उन्हाळ्यात तिची भट्टी होते. गेल्या वेळी चौथ्याच दिवशी आईला तिथे भोवळ आली, तू येऊन तिला घेऊन गेलास आणि जाताना मला एक शब्द बोलला नाहीस. भोवळीपेक्षा मला ते जास्त लागलं होतं.

तू दिवसभर त्या प्रयोगशाळेत लोकांच्या भिंती आणि छपरं तापवून बघतोस. आता बहिणीच्या छपराचं बघ. पत्रा आणि खालच्या फळ्या यांच्यामध्ये माळा आहे. त्यात वर्तमानपत्रांची रद्दी पसरावी असा माझा विचार आहे, कारण रद्दी घरची आहे. हे म्हणाले की जिच्यावर एवढा जीव आहे तिला माळ्यावर कशाला पाठवतेस.

सविस्तर उत्तर लिही. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी अक्का


२७ जानेवारी

ती. अक्कास मोजपट्टीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाकीट उलटं आहे हे तुझ्या भावजयीने पोस्टमनच्या हातात असतानाच ओळखलं. तिने ते जपून ठेवलंय, तुला आरसा दाखवायला.

तुझ्या रद्दीला मी हसलो. मग गंमत म्हणून आमच्या साहेबांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. कागदाचा चुरा करून, त्यात आगीला रोखणारी पूड मिसळून तो छपरात भरतात म्हणे, आमच्याकडेच त्याची चाचणी झाली होती आणि माल चांगला उतरला होता. तेव्हा तुझं मॅट्रिकचं शास्त्र वाया गेलेलं नाही. पण घरची नुसती रद्दी पसरू नकोस. एक ठिणगी पुरे, आणि उंदीर तर पहिल्याच आठवड्यात संसार थाटतील.

मुळात उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. थर्माकोल असो, लोकर असो की बुचाचे तक्ते असोत, ही सगळी हवा कोंडून ठेवायची भांडी. थंडीत एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी बऱ्या वाटतात त्या मधल्या हवेमुळेच. थर्माकोल स्वस्त आहे, काम चोख करतो, पण तापल्या पत्र्याजवळ आक्रसतो आणि पेटला तर धूर फार वाईट. फवारून फुगणारा फोम उत्तम. त्याचा दर मी मुद्दाम लिहीत नाही, तुझी तब्येत मला प्यारी आहे. माझं मत रॉकवूलला. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, त्यांची ही लोकर. जळत नाही, किडत नाही. हाताला खाज सुटते, आणि तिला भिजू द्यायचं नाही. फळ्यांवर चांगली वीतभर जाड अंथरून घे. जाडी दुप्पट केली की खाली झिरपणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते, म्हणून जाडीत काटकसर नको.

आता अवघड गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलंय की दुपारी खोली पस्तीस अंशांच्या खाली राहत असेल तरच आईला पाठवा. एप्रिलचं ऊन पडलं की आकडा कळव. खाली असला तर मी स्वतः तिला आणून सोडतो. नसला तर ती इथेच राहील, आणि मग त्यावर वाद घालायचा नाही. सोबत थर्मामीटर पाठवतोय.

गेल्या वर्षी बोललो नाही तो राग नव्हता, अक्का. मी घाबरलो होतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावर माया असावी, मोजून दिलीस तरी चालेल.

तुझा मोजपट्टी


२१ फेब्रुवारी

॥ श्री ॥

चि. मोजपट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद,

थर्मामीटर सुखरूप पोचला. खोलीत एकच रिकामा खिळा होता, देवाच्या तसबिरीशेजारचा, तिथे टांगला. आता सकाळी हात जोडताना नजर आधी काचेकडे जाते. हे म्हणतात, देव समजूतदार आहे, तोही तिकडेच बघत असेल. मी आकडा रोज जमाखर्चाच्या वहीत उतरवते. दूध, साबण आणि त्याखाली उकाडा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा यांना वाचून दाखवलं. रॉकवूल नक्की केलं. जाडीत काटकसर केली नाही, हे माझ्या हस्ताक्षरात लिहून देते, जपून ठेव. काम करायला जे मिस्त्री मिळालेत ते मोजकं बोलणारे आणि मोजकाच चहा घेणारे आहेत, म्हणून मला पसंत पडले. त्यांनी पहिली अट घातली की माळा पूर्ण रिकामा पाहिजे.

तर माळा रिकामा केला. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पाळणा, चाक नसलेलं शिवणयंत्र, आईने दिलेल्या दोन लोखंडी ट्रंका, बूड गेलेली बादली, चिनी मातीच्या बरण्या, छत्र्यांच्या काड्या आणि तुझा फुटका पृथ्वीचा गोल, ज्यातला एक आख्खा महासागर तू लहानपणी खरवडून काढला होतास. सगळ्यावर ताडपत्री टाकली आहे. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई परवा विचारत होत्या की तुम्ही घर सोडून चाललात की काय. यांनी सांगितलं, नाही, आम्ही फक्त आत काय होतं ते बघतोय.

आईला सांग, तिच्या पलंगाला नवी नवार घातली आहे. सगळ्यांना गोड आठवण.

तुझी अक्का


१४ मार्च

॥ श्री ॥

चि. मोजपट्टीस आशीर्वाद,

आज चार ओळीच, कारण हाताची खाज अजून गेलेली नाही. काम झालं. मिस्त्रींनी भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकर अंथरली, कुठे बोटभर फट नाही. शिडीवर उभी राहून मी पाहिलं. पिवळसर, फुगलेली, मऊ. एवढा मोठा माळा आणि त्यात नुसती फुगलेली हवा, हे बघून जीव थोडा तुटला, पण तूच म्हणतोस की पैसे हवेचेच असतात.

मिस्त्री गेल्यावर आम्ही दोघांनी दोन दिवस आवराआवर केली. अंगण मोकळं झालं, घर पूर्वीसारखं लागलं. यांची कंबर धरली आहे आणि त्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे. कंबर आधी सुटेल असं दिसतं.

ऊन अजून कोवळं आहे. देवाच्या मनात असेल तर एप्रिलमध्ये चांगला आकडा कळवीन.

तुझी अक्का


९ एप्रिल

॥ श्री ॥

चि. मोजपट्टीस अक्काचे आशीर्वाद,

ऊन पडलं. बाहेर चाळीस होतं तेव्हा खिळ्यावरच्या थर्मामीटरने तेहतीस दाखवलं. गेल्या वर्षी याच खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त तापायचं. हे म्हणाले, लाग लिहायला, मेव्हण्याला तार कर, आपण पास झालो.

मी कागद घेतला, पेन उघडलं, आणि लिहिण्यापूर्वी जरा टेकावं म्हणून आईच्या पलंगावर बसले. बसल्या बसल्या टाळू तापली. उठून तसबिरीपाशी गेले तर बरं वाटलं. परत पलंगावर आले तर परत तेच. जसं काही एका खोलीत दोन ऋतू. तेव्हा थर्मामीटर खिळ्यावरून काढला आणि दोरीने पलंगावर टांगला. सदतीस.

यांचं म्हणणं असं पडलं की मोजपट्टीने खोलीचा आकडा मागितलाय, पलंगाचा नाही. पण देवाशेजारी टांगलेल्या काचेच्या जोरावर मी अर्धं खरं कसं लिहू? झोपणार तर आई पलंगावर आहे, तसबिरीत नाही. पलंग दुसऱ्या बाजूला सरकवावा तर न्हाणीघराचं दार इकडे, आणि आईच्या गुडघ्यांना तेवढीच चार पावलं झेपतात.

तर हा आकडा आहे, सदतीस. लोकर तीच, पत्रा तोच, मिस्त्री तेच. काय चुकलं ते मला कळत नाही. तू सांग. आईला लगेच सांगू नकोस, तिने म्हणे पिशवी भरायला घेतली आहे.

तुझी अक्का


१६ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. नमस्कार, वि. वि.

खरं लिहिलंस, फार बरं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर खिळ्यावरचाच आकडा पाठवला असता की काय, याचा विचार दिवसभर करत होतो.

अर्धी खोली गार आणि अर्धी गरम, याचा अर्थ त्या बाजूला लोकर कमी पडली आहे. माझा अंदाज, मिस्त्रींनी पलंगाच्या बाजूला दोन तुकड्यांत फट ठेवली किंवा पातळ थर दिला. आमच्या चाचणीत एवढीशी फट राहिली तरी सगळा आकडा बिघडतो. त्यांना पुन्हा वर चढायला लाव.

पण मला स्पष्टच लिहायला हवं. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर मी आईला आणणार नाही. मे महिना डोक्यावर आहे, आणि ती भोवळ मी दुसऱ्यांदा बघू शकत नाही. तुझी भावजय म्हणते की हे वन्संना जरा मऊ शब्दांत लिहा. मला मऊ शब्द सापडले नाहीत.

आईला सांगावं लागलं. भरलेली पिशवी तिने खुंटीला लावली, काढली मात्र नाही.

तुझा मोजपट्टी


२० एप्रिल

॥ श्री ॥

चि. मोजपट्टीस आशीर्वाद,

मिस्त्रींना बोलावलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं, फटीपर्यंत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. म्हणाले, ज्यांनी लोकर डोळ्यांनी बघितली त्यांनी पत्रातून फट शोधू नये. मीही बोलले, जरा जास्तच बोलले. म्हटलं, चूक नाही तर उष्णता काय आकाशातून पडते. ते म्हणाले, हो, तिथूनच पडते. आणि निघून गेले. शिडीसुद्धा लावली नाही.

हे खोलीबाहेर जाऊन हसून आले.

आज मी देवाला सांगितलं की आता माझं डोकं चालत नाही, तू बघ. आईला माझी सगळी पत्रं दाखव हवं तर. तिला वाटायला नको की अक्काने हात आखडता घेतला.

तुझी अक्का


२४ एप्रिल

अक्के, आईचे आशीर्वाद घे.

अक्षर मोठं येतं म्हणून कागद जास्त लागला आहे. ओरडू नकोस, तुझ्या भावाचा आहे.

तुझी जानेवारीपासूनची पत्रं घेऊन खिडकीत बसले. मोजपट्टीने त्यातले आकडे वाचले होते, मी बाकीचं वाचलं. फेब्रुवारीत तुझं अंगण भरलेलं आहे. मार्चमध्ये मोकळं आहे. मध्ये भंगारवाला आला असं कुठेही लिहिलेलं नाही. फाटकी उशी टाकायची झाली तर तू तिला कुशीत घेऊन बसायचीस, मी तुझी आई आहे. ते सामान काही हवेत विरलं नाही. जावयांची कंबर उगीच धरली नाही. तू ते सगळं परत माळ्यावर चढवलंस, त्या लोकरीवर. कुठल्या बाजूला तेही मला इथून दिसतं. माळ्याचं झाकण पलंगाच्या डोक्यावर आहे, आणि जड ट्रंका तू झाकणापासून लांब ओढत नेणार नाहीस.

मोजपट्टीला जेवताना विचारलं की लोकरीवर ट्रंक ठेवली तर काय होतं. तो ताटावरून उठला. हात तसाच, आणि मला समजावायला लागला. मी म्हटलं, समजावू नको. गादी दबली की तिच्यात ऊब राहत नाही, एवढं मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

त्यातली निम्मी अडगळ माझी आहे पोरी. ट्रंका माझ्या, पाळणा माझा, बरण्या माझ्या. तुझं लग्न झालं तेव्हा माझं घर रिकामं करायला मी तुझं भरलं. आता माझ्याच वस्तू माझ्या जागेवर बसल्या आहेत आणि मला आत येऊ देत नाहीत. काढ त्या. मला वस्तू नकोत, जमीन हवी आहे.

मिस्त्रींची माफी माग. ती फुकट असते, तुला परवडेल.

आई

(समासात) अक्का, दाबू नकोस हे तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं. दबली की आतली हवा जाते, आणि हवा गेली की उरतो तो नुसता दगड. आमच्या प्रयोगशाळेत लोकरीवर कुणी ट्रंका ठेवत नाही, त्यामुळे हा प्रयोग आजवर झालेला नव्हता. मिस्त्रींना माझाही नमस्कार सांग, डोकं खाली घालून. — मोजपट्टी


४ मे

॥ श्री ॥

ती. आईस अक्काचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी देवापुढे बसले. मी त्याला बघ म्हटलं होतं, त्याने तुला बघायला लावलं.

मिस्त्रींच्या घरी मी स्वतः गेले. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ट्रंकांमध्ये आहे तरी काय. मी म्हटलं, एकीत दोऱ्या आहेत, दुसरीत पहिलीची कुलपं. त्यांना हसू आवरलं नाही, आणि त्यांच्या बायकोने मला बसायला पाट दिला.

दुसऱ्या दिवशी ते वर चढले. ट्रंकांखाली लोकर पापडासारखी चपटी झाली होती. काही हाताने मोकळी केल्यावर थोडी फुगली, बाकीची बदलली. पाळणा मिस्त्रींच्या मुलीकडे गेला, तिला पुढच्या महिन्यात लागणार आहे. बरण्या शिक्षिकाबाईंनी नेल्या. शिवणयंत्र, ट्रंका, बादली भंगारवाल्याने नेली. तो हातगाडी वळवीपर्यंत मी घरात उभी राहिले, दारात नाही. भंगाराचे जे पैसे आले त्यात नव्या लोकरीचा गठ्ठा बसला. आयुष्यात पहिल्यांदा अडगळीचं काहीतरी झालं, असं हे म्हणाले. मोजपट्टीचा गोल मी पार्सलने त्याच्याकडे पाठवला आहे. त्याचा महासागर त्याने सांभाळावा.

काल बाहेर एकेचाळीस होतं. थर्मामीटर तुझ्या पलंगावर टांगला होता. दुपारभर मी तिथेच बसून वाती वळल्या. तेहतीस, आई. त्याच्यावर गेला नाही. आज पुन्हा पाहिलं, तेहतीस.

खुंटीवरची पिशवी काढ. वाट बघते.

तुझी अक्का


१९ मे

चि. मोजपट्टीस आईचे आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे कळलं. जाताना या वेळी अक्काशी पुष्कळ बोललास, तिने ते मला दोनदा सांगितलं.

मी बरी आहे. दुपारी खोलीत झोप लागते, थर्मामीटर मी बघत नाही, अक्का बघते. तिने तो वहीत लिहिला की मग मला पाणी देते. सूनबाईला सांग, तेल इथेही लावतात, पण अक्काचा हात हिशेबी. दोन्ही गुडघ्यांना मिळून एक थेंब. तिच्या हाताची मला आठवण येते हेही सांग. तुमच्याकडे मला काही कमी नव्हतं, फक्त जमीन खाली होती.

मी बरोबर आणलेली लहान पेटी बघून अक्काची नजर परवा माळ्याकडे गेली. जावईबापूंनी ते पाहिलं आणि शिडीच मिस्त्रींना देऊन टाकली. पेटी पलंगाखाली आहे.

संध्याकाळी मी मागच्या दारात बसते, पाय अंगणात सोडून. माती दिवसाची तापलेली असते, बरं वाटतं. कुंपणाबाहेरून लोक जातात. मिस्त्री जातात, शिक्षिकाबाई जातात, कुणी थांबून विचारपूस करतं. तुझ्या खिडकीतून वर्षभर मला माणसांची नुसती डोकी दिसायची. इथे तोंडं दिसतात.

माया तुमच्याकडे होती तेवढीच आहे, जिना मात्र सुटला.

आई